मदत हवी आहे: कॉर्व्हेट पहिल्यातून थेट चौथ्यात जाते, हे बंद कसं करायचं?

एल_कमिनोचा_वाटसरू

मंडळी नमस्कार,

गाडी २००६ ची कॉर्व्हेट, सी६ म्हणजे सहाव्या पिढीची, सहा गिअरची मॅन्युअल, सेकंडहँड घेतलीये. मुक्काम सनीव्हेल, कॅलिफोर्निया. गाडी बिघडलेली नाही हे आधीच सांगतो, कारण ज्याला सांगावं तो "क्लचप्लेट गेली असेल" म्हणून मोकळा होतो.

प्रकार असा की इंजिन एकदा तापलं आणि तुम्ही सिग्नलवरून शहाण्यासारखे हळू निघालात की पहिल्यानंतर दुसरा पडतच नाही. दांडा सरळ खाली ओढायला जावं तर आत काहीतरी आडवं येतं, दांडा आपोआप उजवीकडे ढकलला जातो आणि चौथ्याच्या खाचेत जाऊन बसतो. त्याच वेळी डॅशवर १ टू ४ लागलेलं असतं. सकाळी गाडी थंड असताना हे अजिबात होत नाही, त्यामुळे पहिले काही दिवस मला वाटलं आपलाच हात चुकतोय.

मग ओनर्स मॅन्युअल काढलं तर त्यात सगळं छापलेलंच आहे. कूलंट ७६ डिग्रीच्या वर, स्पीड ताशी १५ ते १९ मैल आणि थ्रॉटल २१ टक्के किंवा कमी, हे तिन्ही जुळलं की कॉम्प्युटर दुसरा गिअर अडवतो. चौथ्यात गेल्यावर क्लच दाबून रिव्हर्स सोडून पाहिजे त्या गिअरमध्ये जाता येतं म्हणे, पण म्हणजे पहिला, चौथा, मग परत दुसरा, आणि मागचा टेस्लावाला तोवर हॉर्नवर बसलेला. चौथा गिअर सरळ १ ला १, मागचा रेशो ३.४२, म्हणजे ताशी १८ मैलाला हिशोबाने ७७० च्या आसपास आरपीएम येतात. आयडलच्या जरासंच वर. ४०० हॉर्सपॉवरचं इंजिन अक्षरशः कण्हतं हो.

तर प्रश्न असे. दुसरा अडवणाऱ्या सॉलेनॉइडचं (विजेवर चालणारी खिट्टीच ती) कनेक्टर नुसतं काढून ठेवलं तर चालेल का? बाजारात एक छोटा प्लग मिळतो तो लावावा का? की सरळ ट्यून मारून सॉफ्टवेअरमधूनच बंद करून टाकावं? चेक इंजिन लाइट पेटलेला मला चालणार नाही कारण या वर्षी स्मॉग चेक, म्हणजे गाडीच्या धुराची सरकारी तपासणी, आहे. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया लिहा, "जोरात चालव मग होणार नाही" हा सल्ला मित्रांनी ऑलरेडी दिलाय.

पेठेतला_प्रवासी

आमच्याकडे पुण्यात डिस्प्लेवर नुसता बाण येतो, गिअर वाढवा म्हणून. ऐकायचं की नाही ती आपली मर्जी. तुमच्याकडे तर गाडी हात धरून गिअर टाकते, एवढे पैसे मोजून वर हे? कंपनीला एवढी कसली हौस?

ओव्हरड्राइव्ह

हौस नाही, टॅक्स. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने गॅस गझलर टॅक्स आला. कारचं कम्बाइंड मायलेज गॅलनला २२.५ मैलांच्या खाली गेलं की टॅक्स सुरू, १००० डॉलरपासून पार ७७०० पर्यंत. २२.५ म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साधारण साडेनऊ किलोमीटर. आणि हे आकडे स्टिकरवरचे नाहीत, लॅबमधल्या टेस्टचे, जे स्टिकरपेक्षा बरे येतात. त्या टेस्टमध्ये गाडी रोलरवर ठरलेल्या स्पीडने चालवतात आणि शहराच्या सायकलमध्ये सारखं थांबणं-निघणं असतं. तिथे हळू निघून पहिल्यातून डायरेक्ट चौथा टाकला की आरपीएम खाली राहतात, पेट्रोल वाचतं, गाडी टॅक्सच्या रेषेच्या वर राहते. पण टेस्टमध्ये असं चालवायचं तर रस्त्यावरचा माणूसही तसंच चालवेल हे दाखवायला लागतं, म्हणून मग अडसरच बसवला. कॉर्व्हेटमध्ये हे १९८९ साली झेडएफ कंपनीच्या सहा गिअरच्या बॉक्सबरोबर आलं आणि २०१९ मध्ये मॅन्युअल बंद होईपर्यंत राहिलं. कॅमॅरो, पाँटिअॅकची जीटीओ, डॉजची व्हायपर, सगळ्यांना होतं.

अवांतर: हा टॅक्स फक्त कारला. भल्यामोठ्या एसयूव्ही आणि पिकअप त्यातून सुटलेल्या आहेत. विनोद आहे सगळा.

माझं मत विचाराल तर काहीच करू नका. १५ मैलांच्या आत दुसरा टाका नाहीतर २० ओलांडू द्या. सवय होते.

टेक्सासचा_तात्या

ओव्हरड्राइव्ह, माहिती झकास पण सल्ला नाही पटला. १५ च्या आत दुसरा टाकायचा म्हणजे पहिला नुसता हात लावण्यापुरता, आणि सिग्नलला पुढे बस असेल तर २० ओलांडणार कसे? माझ्याकडे जीटीओ आहे, तिच्यातही तुमच्यासारखाच टी५६ गिअरबॉक्स. प्लग लावलाय, निवांत आहे.

वाटसरू, तुमचे प्रश्न एकेक घेतो. कनेक्टर नुसतं काढू नका. दुसरा गिअर लगेच मोकळा होईल हे खरं, पण कॉम्प्युटर त्या सर्किटवर लक्ष ठेवून असतो, कॉइल दिसली नाही की पी०८०३ कोड टाकतो आणि तुम्हाला नको असलेला दिवा पेटतो. त्या प्लगमध्ये काही जादू नाही, आत एक रेझिस्टर असतो. गाडीकडून येणारं कनेक्टर त्यात खोचायचं, कॉम्प्युटरला वाटतं सॉलेनॉइड जागेवर आहे. तो बिचारा हुकूम सोडत राहतो, सॉलेनॉइडला काही पोचत नाही. डॅशवर १ टू ४ दिसत राहील, त्याकडे दुर्लक्ष करायचं. किंमत वीसेक डॉलर, म्हणजे दोन वेळच्या कॉफीचे पैसे तुमच्या बे एरियात.

आता महत्त्वाचं. बॉक्सवर सॉलेनॉइड दोन असतात. एक हे, दुसरं रिव्हर्स लॉकआउटचं, जे पुढे जाताना चुकून रिव्हर्स पडू नये म्हणून असतं. घाईत प्लग त्याला लावला तर स्किप शिफ्ट (हेच ते पहिल्यातून चौथ्यात जाणं) तसंच राहील आणि वर रिव्हर्स टाकायला दांडा दोन्ही हातांनी ढकलावा लागेल. प्लगबरोबर चित्र येतं ते गाडीखाली जायच्या आधी बघा, गाडीखाली झोपून नाही.

आणि तुमच्या कॉर्व्हेटला गिअरबॉक्स इंजिनला चिकटलेला नाही, मागे डिफरन्शियलजवळ आहे, मधे दोघांना जोडणारी टॉर्क ट्यूब. म्हणजे मागून आत शिरायचं. सायलेन्सरचे पाइप तिथूनच जातात, गाडी चालवून आल्या आल्या हात घातलात तर भाजेल. रात्रभर गार होऊ द्या.

एल_कमिनोचा_वाटसरू

तात्या, मनापासून आभार! रिव्हर्सचं कुणीच सांगितलं नव्हतं, व्हिडिओतही नाही. म्हणजे कनेक्टर काढायचं कॅन्सल.

पण ट्यूनचं काय? एक ओळखीचा आहे तो म्हणतो लॅपटॉप लावून पाच मिनिटांत बंद करतो, डॅशवरचा १ टू ४ पण जाईल, गाडीखाली जायचीच गरज नाही. ऐकायला तर तेच सगळ्यात स्वच्छ वाटतं.

फ्रीमाँटची_माऊ

ट्यून अजिबात नको!! तुम्ही कॅलिफोर्नियात आहात. जुलै २०२१ पासून इथे स्मॉग चेकमध्ये गाडीचं सॉफ्टवेअर पण तपासतात, कंपनीचं मूळ किंवा कार्बने (इथलं हवा-प्रदूषण मंडळ) मान्य केलेलं नसेल तर गाडी फेल, मग धुरात काही का येईना. मग डीलरकडे जाऊन मूळ सॉफ्टवेअर परत टाकून घ्या, नंतर कॉम्प्युटरचे मॉनिटर (त्याच्या स्वतःच्या धुराच्या चाचण्या) रेडी व्हायला परत काही दिवस चालवा, तोवर रजिस्ट्रेशन लटकलेलं. आमच्या ह्यांच्या मस्टँगचं हेच झालं, ट्यून आधीच्या मालकाने मारलेला आणि निस्तरलं आम्ही. तात्यांना टेक्सासमध्ये चालत असेल.

प्लग सॉफ्टवेअरला हात लावत नाही, त्यामुळे तिथे पकडलं जायचा प्रश्न नाही. पण इथे नियम असा की एमिशनवर परिणाम करणाऱ्या आफ्टरमार्केट पार्टला कार्बचा ईओ नंबर, म्हणजे मंजुरीचा नंबर, लागतो. हा प्लग त्यात मोडतो का यावर दोन मतं ऐकलीत, माझ्या मते नाही मोडत, पण तुमच्या स्मॉगवाल्याला आधी विचारलेलं बरं. तो काही खात नाही.

टेक्सासचा_तात्या

माऊताई +१. ट्यूनचं मी लिहिलंच नव्हतं कारण इकडे तशी तपासणी नाही, डोक्यातच आलं नाही. वाटसरू, मग प्लगच.

पेठेतला_प्रवासी

मला एक कळत नाही, टेस्टमध्ये पास व्हायला अडसर आणि घरी आणल्यावर वीस डॉलरमध्ये तो काढायचा, म्हणजे पेट्रोल वाचलं कुणाचं?

ओव्हरड्राइव्ह

कागदावरचं :)

बरं वाटसरू, करणारच असाल तर जॅक लावताना सांभाळा. कॉर्व्हेटच्या खालच्या कडेला साधा जॅक लावला तर बाजूचं पॅनल तडकतं. फ्रेमला चार भोकं आहेत, त्यात बसणारे जॅकिंग पक मिळतात, ते घ्या आणि जॅक त्याखाली लावा. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावलेच पाहिजेत. हे वीस डॉलरच्या प्लगसाठी शंभरचं सामान होतंय याची मला कल्पना आहे.

एल_कमिनोचा_वाटसरू

ठरलं मग, प्लग मागवला, ट्यूनवाल्याला नाही म्हणून कळवलं. स्मॉगवाल्याला फोन केला, तो म्हणाला लाइट नसेल आणि मॉनिटर रेडी असतील तर बाकी घेऊन या, बघू. हे "बघू" मला फारसं आवडलेलं नाही, पण ठीक आहे, प्लग काढून कनेक्टर परत मूळ जागी लावणं काही अवघड नाही.

आता अडचण वेगळीच. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडीचं काम करायला मनाई आहे, बोर्डच लावलाय. सनीव्हेल, सांता क्लारा, क्यूपर्टिनो या बाजूला कुणाकडे गॅरेज, बुटका जॅक आणि चार स्टँड असतील आणि शनिवारी सकाळी दोन तास देता येत असतील तर प्लीज व्यनि (खाजगी निरोप) करा. पक मी आणतो, नाश्त्याला मिसळ पण माझ्याकडून.

फ्रीमाँटची_माऊ

आमच्याकडे सगळं आहे. फ्रीमाँट लांब पडत नसेल तर या, ह्यांना विचारते आणि व्यनि करते. मिसळीला पाव नाही, ब्रेड मिळेल इथला, तेवढं चालवून घ्या.