रिले दौड आणि आपली शकुंतला

बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची वाट झाली म्हणून लोकांनी तिच्यावर रिले दौड काढली, हे एका ताईंनी लिहिलेलं वाचलं आणि आपली मूर्तिजापूर-यवतमाळची छोट्या रुळांची गाडी, शकुंतला, डोळ्यासमोर आली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. वऱ्हाडचा कापूस याच अडीच फुटी रुळांवरून बाहेर गेला.

आधी तिची ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची रेल्वेच व्हावी, ही मागणी मी सोडणार नाही. पण जिथे जुनी पट्टी मोकळी राहील, तिथे वाट हवीच. आमच्याकडची पोलीस भरतीची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर ट्रकच्या उजेडात धावतात, जीव टांगणीला लागतो. पावसाळ्यात शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून पळावं तर काळी माती बुटाला अशी चिकटते की पाय उचलत नाही. रुळाचा भराव उंच, चढही मंद. गिट्टी काढून मुरूम दाबला की झालं.

आणि रिलेत दांडी कशाला? एकेरी रेल्वेमार्गावर पुढची वाट मोकळी असल्याची खूण, म्हणजे टोकनाची कडी, चालकाच्या हाती आल्याशिवाय गाडी सुटत नसे. तशीच कडी याच मार्गावरच्या कारंज्याच्या पोरीने दारव्ह्याच्या पोराच्या हाती द्यावी, स्टेशनाच्या फलाटावर. मी पाणी घेऊन उभा राहीन.