कारल्यावर फळमाशी, सापळे लावले तरी रिकामेच

दिंडोरीचा_मळा
नमस्कार मंडळी. द्राक्षाची जुनी बाग काढली, मंडप उभाच होता म्हणून त्यावर 1 एकर कारलं घेतलंय. पहिले चार तोडे एक नंबर निघाले आणि पाऊस सुरू झाल्यापासून फळमाशीनं पार वाट लावली. फळ बोटाएवढं असतानाच वाकडं होतं, वाकलं तिथं डिंकासारखा चिकट थेंब दिसतो आणि मग पिवळं पडून गळतं. काल एक फोडलं तर आतली अळी टुणकन उडी मारून बायकोच्या हातावर, ती किंचाळलीच. मागच्या तोड्याला 20 जाळ्या भरल्या, त्यातल्या 6 निवडून फेकल्या. तीन फवारण्या झाल्या, फरक शून्य, उलट मधमाश्या दिसेनाशा झाल्या. दुकानातून 5 सापळे आणून लावले, आठवडा झाला तरी एकातही धड दहा माश्या नाहीत. औषध अजून वाढवायचं नाहीये, दर दोन-तीन दिवसांनी तोडा असतो, फवारलेलंच लोकांच्या ताटात जाणार. काय करू?

निफाडकर_77
भाऊ, सापळ्यात माशीला वासानं ओढणारी गोळी असते, आधी तिच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. माशी सोडा, पाकीट बघा.

दिंडोरीचा_मळा
उकिरड्यावरून शोधून आणलं. मिथाईल युजेनॉल लिहिलंय.

निफाडकर_77
झालं, तिथंच घोळ आहे. ते आंबा-पेरूच्या माशीचं. वेलवर्गीयाची माशी वेगळी, तिला क्यूल्युर नावाचं दुसरं आमिष लागतं, कारलं दोडका काकडी भोपळा सगळ्याला तेच. दुकानदार 'फळमाशीचा सापळा' म्हणून एकच डबा सगळ्यांना देतात आणि आपण पण विचारत नाही. (तुळशीत पण हेच मिथाईल युजेनॉल असतं बरं का, चुरगाळलेल्या तुळशीवर आंब्याची माशी येते ती त्यामुळंच.) गोळी बदला आणि 5 नाही, एकराला 8-10 तरी लावा, मंडपाखाली सावलीत, फळं लोंबतात त्या उंचीला. बाटली घरचीच चालते, पाण्याची 1 लिटरची घ्या, वरच्या बाजूला भोकं पाडा, तळाला थोडं साबणाचं पाणी. औषधाच्या हातानं गोळीला शिवू नका.

सिन्नरची_सून
गोळी बदलाच दादा, पण बाटली भरली की खूश होऊ नका. तिच्यात फक्त नर येतात. फळाला डंख मारणारी मादी बाहेर मोकळीच फिरते. आमच्याकडं हेच झालं, बाटल्या काळ्या पडल्या माश्यांनी तरी कारली वाकडी ती वाकडीच. मग कळलं की सासरे किडकी फळं निवडून व्यवस्थित बांधावर ओतत होते, म्हणजे आम्हीच माश्या पाळत होतो! अंडी सालीच्या आत, अळी गराच्या आत, तुमची फवारणी तिथं पोचतच नाही. मोठी झाली की अळी फळ सोडून मातीत जाते, दोन-तीन बोटं खोल कोष करते आणि आठ-दहा दिवसांत नवी माशी वर. म्हणून गळालेलं आणि वेलीवरचं वाकडं, दोन्ही रोज वेचायचं, तोड्याच्या दिवशीच नाही. जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधून उन्हात टाका, अळ्या आतच उकडून मरतात. पावसाळी हवेत ऊन नसलं तर दोन फूट खड्डा करून पुरा, वर माती दाबून. उकिरड्यात अजिबात नको. मंडपाखाली खुरप्यानं माती हलवून कोंबड्या सोडल्या की कोष त्याच वेचून खातात, आमच्या सात कोंबड्या दिवसभर तिथंच असायच्या.

पेरूवाला_नाशिक
ताईंचं शंभर टक्के बरोबर. एक भर घालतो. ही माशी दिवसभर कारल्यावर बसत नाही, अंडी घालायला येते आणि बाकी वेळ कडेच्या उंच पिकावर मुक्काम. कडेनं मक्याच्या दोन ओळी असतील तर गूळ-प्रोटीनचं आमिष फक्त त्या मक्यावर ठिपक्या ठिपक्यानं मारता येतं, मादी त्याला येते. त्यात स्पिनोसॅड हे कीटकनाशक मिसळतात, पण तेही कारल्यावर नाही, मक्यावरच. पेरूला मी लिंबाएवढं फळ झालं की फोम आणि वर पिशवी घालतो, सापळ्यापेक्षा भरवसा त्याचाच, पण एक एकर कारल्याला पिशव्या घालायला माणसं कुठून आणणार राव. आणि हलक्यात घेऊ नका, 2014 ला युरोपनं आपला आंबा नि त्याच्यासोबत कारलं पण बंद केलं होतं ते फळमाशीसारख्या किडींपायीच. शंका असेल तर माशी काडीपेटीत घालून मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

दिंडोरीचा_मळा
तीन आठवडे झाले म्हणून लिहितोय. क्यूल्युरचे 10 लावले, दुसऱ्या दिवशी सकाळीच बाटलीत तळाला थर, मोजायच्या भानगडीत पडलो नाही. आई रोज सकाळी पाटी घेऊन वेचते, पिशव्या शेडच्या पत्र्यावर ठेवतो, वास बेक्कार येतो पण असो. कालच्या तोड्याला 18 जाळ्यांत दोनच खराब. मधमाश्या परत दिसायला लागल्यात. आता अडचण शेजारच्या वावराची, त्यांचा दोडका संपलाय पण वेल तसेच उभे, त्यावर पिवळी फळं लोंबतायत आणि ते म्हणतात बियाण्याला ठेवलीत. त्यांना कसं सांगू? नात्यानं काका लागतात.

सिन्नरची_सून
एक दोडका फोडून त्यांच्यासमोर धरा. बियाणं राहिलंय का अळ्या, ते स्वतःच बघतील.