सारख्या आवाजाच्या शब्दांचा घोळ, सीनियर केजीतल्या पोराला कसं शिकवू?

कर्वेनगरची_चिमणी:
मंडळी, सल्ला हवाय. लेक सीनियर केजीत, इंग्लिश मीडियम, घरी आम्ही मराठीच बोलतो. सध्या शाळेत सारख्या उच्चाराचे शब्द चालू आहेत, सन म्हणजे सूर्य आणि सन म्हणजे मुलगा, सी म्हणजे समुद्र आणि सी म्हणजे बघणे वगैरे. टीचरनी जोड्यांचा भलामोठा कागद पाठवलाय, पाठ करून घ्या म्हणे. झालंय असं की जे येत होतं तेही बिघडलं. परवा फ्लॉवर म्हणजे काय विचारलं तर म्हणाला भाजी! आता त्याचं चुकलं तरी काय, आमच्याकडे मंडईतून येतो तो फ्लॉवर भाजीचाच, फूल नाही आणि पीठ तर नाहीच नाही. त्यात लहानपणापासून काऊ म्हणजे कावळा, शाळेत गेल्यावर काऊची गाय झाली, आजी अजून "एक घास काऊचा" करून भरवते आणि हा खिडकीतून खाली गाय शोधतो. मराठीतलेही असे शब्द सांगायचेत पण सुरुवात कुठून करू? पुस्तकं, खेळ, काहीही सुचवा. क्लास सोडून, अबॅकस आधीच मानगुटीवर आहे.

खवचट_पेठकर:
केजीतल्या पोराला जोड्या पाठ? छान. पुढच्या वर्षी एमपीएससी.

बालवाडीताई:
पेठकर 😄
चिमणीताई, मी बालवर्गाला शिकवते म्हणून जरा सविस्तर लिहिते. तो कागद आधी बाजूला ठेवा. दोन्ही शब्द एकाच दिवशी शेजारी शेजारी दिले की मुलं हमखास अदलाबदल करतात, कारण आवाज एकच आणि कुठला अर्थ कुठल्या स्पेलिंगला हे धरून ठेवायला त्यांच्याकडे काहीच नसतं. त्यामुळे एकच घ्या, सूर्यवाला सन, तो चित्रात येऊ दे, गोष्टीत येऊ दे, अगदी सवयीचा झाला की मगच दुसरा, आणि तोही सुटा नको, वाक्यातून. स्पेलिंगची घाई तर नकोच, एका आवाजाचे दोन अर्थ असू शकतात एवढं उमगलं तरी ह्या वयात पुष्कळ झालं.
आणि हे मराठीतून पटकन उमगतं कारण शब्द रोजचेच असतात. पान घ्या. मी वर्गात पिंपळाचं एक पान आणि एक गोष्टीचं पुस्तक ठेवते आणि म्हणते, "आजी म्हणाली पानं वाढलीत, या लवकर, तर आजीचं पान कुठलं?" एखादं तरी पोर धावत जाऊन पुस्तक उचलतं, बाकीची लोळून हसतात, आणि मग आपल्याला वेगळं समजवावं लागत नाही. अशीच बोट, माळ, नाव, हार, मान. "ओढ्यात पडलेली दोरी ओढा" ह्याचं चित्र काढायला द्या. स्टॉपवर उभं असताना "बस बस, बस आली".

ळ_चा_लळा:
ताईंना अनुमोदन, पण एक गोष्ट वेगळी काढा. खरंच सारखे असलेले शब्द आणि पोरांच्या कानाला सारखे वाटणारे शब्द हे दोन निराळे प्रकार आहेत. बऱ्याच मुलांना ल आणि ळ, न आणि ण एकच ऐकू येतात, मग वेल-वेळ, चाल-चाळ, पाल-पाळ, सन-सण सगळं एका माळेचे मणी. तिथे अर्थ सांगून भागत नाही, कान तयार करावा लागतो. आमच्याकडे खेळ असा होता की मी "वेळ" म्हटलं की मनगटावरचं घड्याळ दाखवायचं, "वेल" म्हटलं की हात वळवत वळवत वर न्यायचे, चुकला तो आउट. मग राज्य पोरावर, म्हणजे बोलायचं त्यानं, तिथे खरी परीक्षा. ळ ला जीभ मागे वळून टाळूला लागते, आरशासमोर उभं करा, तोंडं वेंगाडायला पोरं एका पायावर तयार असतात.
याच्या उलटही आहे, लिहायला एकच पण म्हणायला वेगळं, म्हणजे पाण्याचा जग आणि सगळं जग, किंवा चार आंबे आणि "गाईला चारा चार". पण ते वाचायला लागल्यावर, आत्ता नको.

खवचट_पेठकर:
दिन-दीन, सुत-सूत, शिर-शीर पण घ्या की मग. साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांप्रमाणे मराठी शब्द अकारान्त असेल तर शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ, म्हणून सूत, फूल, वीट, आणि संस्कृतातून जसेच्या तसे आलेले मुळाप्रमाणे. बोलताना सगळे दोन्ही सारखेच म्हणतात, आणि मग 14 नोव्हेंबरला सोसायटीच्या ग्रुपवर "बालदीनाच्या शुभेच्छा" येतात.

बालवाडीताई:
पेठकर, पोरगं केजीत आहे हो. चौथीत गेलं की तुमच्याकडेच पाठवतो.

पुस्तकी_किडा:
पुस्तकांचं सांगतो. बालभारतीचं किशोर मासिक, 1971 पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, कोडी आणि शब्दखेळ भरपूर. इतक्या लहान मुलाला स्वतःला झेपणार नाही, तुम्ही वाचून दाखवा. पहिली-दुसरीच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ पण बालभारतीच्या साइटवर आहेत, छापील हवी असतील तर पुण्यात पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक, फक्त जूनमध्ये जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. आणि विकतची फ्लॅशकार्डं अजिबात घेऊ नका, बहुतेक इंग्लिश शब्दांचीच असतात. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापा, एका बाजूला एक अर्थ, पाठीमागे दुसरा, चित्रं त्यालाच काढू देत, वाकडी आली तरी.

कर्वेनगरची_चिमणी:
सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रिका ढिगाने आहेत, आजच कापते. वेल-वेळ खेळून बघितलं, बोलताना दोन्ही वेलच येतंय पण ऐकून बरोबर ओळखतोय. पान एकदम हिट. आता नवीनच सुरू झालंय, "वाट बघ" म्हटलं की रस्त्याकडे बघतो, तेवढं समजावलं, तर आजोबांनी मध्येच "वाट लागली" शिकवून ठेवलं. तिथे कुठली वाट विचारतोय, काय सांगू?

खवचट_पेठकर:
सांगू नका, संध्याकाळी सातला पावसात सिंहगड रोडला घेऊन जा.