आसने जमतात, पण आतले काही जाणवत नाही. सरावात काय बदलावे?

प्रश्न

गेली चार वर्षे मी नियमाने योगाभ्यास करते आहे. उभी आसने, पुढे वाकण्याची आसने, सूर्यनमस्कार हे सारे बऱ्यापैकी जमते. मात्र शवासनात ‘आता शरीरात आत काय जाणवते ते पाहा’ असे सांगितले की मला सांगण्यासारखे काहीच सापडत नाही. ताणलेला स्नायू कळतो, दुखणारा गुडघा कळतो. त्यापलीकडे सारे कोरे असते. हे वर्गापुरतेच असते तर मी मनावर घेतले नसते. परंतु भूक लागल्याचे मला डोके दुखू लागल्यावर कळते, आणि आपण चिडलो आहोत हे समोरच्याचा चेहरा उतरलेला पाहिल्यावर लक्षात येते. योगाभ्यासातून ही आतली जाणीव वाढवता येते का, आणि येत असेल तर माझ्या सरावात काय राहून जाते आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (योगशिक्षिका)

तुमचा सराव चुकीचा आहे असे मला वाटत नाही. शिकवण्यातच एक उणीव राहून जाते, आणि मीही कित्येक वर्षे तसेच शिकवत होते. वर्गात दिल्या जाणाऱ्या सूचना आठवून पाहा: गुडघा सरळ ठेवा, खांदे कानांपासून दूर न्या, पाठीचा कणा ताठ करा. या सगळ्या सूचना शरीर अवकाशात कसे ठेवले आहे याबद्दलच्या आहेत. त्यामुळे चार वर्षांत तुमचे लक्ष आसनाच्या आकारावर पक्के बसले आहे, आणि शेवटच्या पाच मिनिटांत अचानक ‘आत पाहा’ म्हटल्यावर त्याला कुठे जावे हेच कळत नाही.

एक प्रयोग करून पाहा. ताडासनात उभ्या राहा, फक्त उजवा हात कानालगत वर उचला आणि साधारण मिनिटभर तसाच धरा. मग तो अगदी सावकाश खाली आणा आणि डावा हात लगेच उचलू नका. एक पूर्ण मिनिट काहीही न करता उभे राहून दोन्ही हातांची तुलना करा. एक हात जड वाटेल किंवा उलट हलका वाटेल, तळव्यात ऊब येईल, बोटांच्या टोकांशी बारीक चुणचुण होईल, कधी एक हात दुसऱ्यापेक्षा लांब झाल्यासारखा वाटेल. जाणीव फरकावर जागी होते. दोन्ही बाजू एकदम केल्या की हा फरकच नाहीसा होतो. माझ्या अनुभवात ज्यांना शवासनात काहीच सापडत नाही, अशांपैकी बहुतेकांना पहिला धागा इथेच गवसतो.

दुसरी गोष्ट शब्दांची. ‘छान वाटते’ हा निष्कर्ष आहे, संवेदना नव्हे. जड-हलके, गार-गरम, घट्ट-सैल, स्थिर-हलणारे अशा साध्या शब्दांत सांगण्याची सवय लावा. आपल्या बोलीत याचा केवढा साठा आहे! पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते, घशाला कोरड पडते, हातपाय गळतात. हे वाक्प्रचार आपण अर्थ म्हणून वापरतो आणि ती जागा पाहायची विसरतो. पुढच्या वेळी ‘पोटात गोळा आला’ असे मनात आले, तर तो नेमका बेंबीच्या वर आहे की खाली, आणि श्वास सोडताना तो सैल होतो का, एवढेच पाहा.

प्रतिसाद २ (शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यासक)

वर सांगितलेल्या फरकाला शास्त्रातही आधार आहे. सांधे आणि स्नायू यांच्या स्थितीची जाणीव वेगळी, आणि हृदय, फुप्फुसे, जठर, तापमान यांची खबर देणारी आंतरसंवेदना वेगळी. ही विभागणी ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 मध्येच मांडली होती. ही खबर नेणारा एक मोठा मार्ग म्हणजे मेंदूपासून छाती-पोटातल्या अवयवांपर्यंत पसरलेला व्हेगस मज्जातंतू. त्याचे सुमारे 80 टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडे संदेश नेतात. मेंदूतील इन्सुला या भागात या संदेशांचे चित्र तयार होते. म्हणजे आतून येणारा ओघ अखंड चालू असतो. तुमच्या बाबतीत तो थांबलेला नाही, त्याकडे लक्ष पोहोचत नाही, इतकेच.

एका बाबतीत मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. आंतरसंवेदना मोजण्याची जुनी चाचणी म्हणजे नाडीला हात न लावता ठरावीक काळातले हृदयाचे ठोके मोजणे. ती 1981 पासून वापरात आहे. तिचा दोष असा की ज्याला आपला सामान्य वेग ठाऊक आहे तो अंदाजानेही बरोबर उत्तर देऊ शकतो. शिवाय 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनुभवी ध्यानसाधकांना विश्रांतीच्या अवस्थेत हृदयाचे ठोके इतरांपेक्षा अधिक अचूक कळत असल्याचे दिसले नाही. त्यामुळे सरावाने ठोके मोजता येतील असे वचन मी कोणाला देणार नाही. बदलण्याजोगे आहे ते लक्ष देण्याचे वळण, आणि रोजच्या जगण्यात त्याचेच मोल अधिक आहे.

सुरुवात करायचीच असेल तर श्रमानंतर करा. जोमदार सूर्यनमस्कारांनंतर हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक जोराने रक्त ढकलत असते, त्यामुळे धडधड सहज कळते. तेव्हा उभ्या राहून ती छातीत, गळ्यात की कानांत जाणवते ते पाहा, आणि ती विरत जाताना शेवटपर्यंत तिच्या मागे राहा.

प्रतिसाद ३

मला यात एक सावधगिरी जोडावीशी वाटते, कारण मी उलट बाजूने आलो आहे. मला घबराटीचे झटके येत असत आणि आतले सगळे जरा जास्तच ऐकू येत असे. एका वर्गात डोळे मिटून हृदयावर लक्ष ठेवायला सांगितले तेव्हा धडधड जाणवली, तिची भीती वाटली, भीतीने ती वाढली, आणि मी वर्ग अर्धवट सोडून बाहेर पडलो. जाणवणे आणि जे जाणवते त्याच्यासोबत न घाबरता राहणे या दोन निराळ्या क्षमता आहेत. आंतरसंवेदनेच्या जाणिवेसाठी 2012 मध्ये तयार झालेल्या एका प्रश्नावलीतही नुसते लक्षात येणे, चिंता न करणे आणि शरीरावर विश्वास असणे हे स्वतंत्रपणे मोजले जाते.

मला डोळे उघडे ठेवून, तळपायांचा जमिनीवरचा दाब पाहण्यापासून सुरुवात केल्याने मदत झाली. तिथे काही क्षण थांबायचे, मग श्वासाकडे जायचे, आणि घालमेल वाढली तर विनासंकोच परत तळपायांवर यायचे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मानसिक आघातानंतरचा त्रास उपचारांनी न हटलेल्या 64 स्त्रियांपैकी ज्यांनी 10 आठवडे योगवर्ग केला, त्यांच्यात तुलनेच्या गटापेक्षा स्पष्ट सुधारणा दिसली. त्या पद्धतीत सूचना हुकमाच्या नसतात, करायचे की नाही हे साधकावर सोडलेले असते. ज्यांना असा त्रास आहे त्यांनी हा सराव आपल्या उपचारतज्ज्ञांना सांगूनच करावा. तसेच छातीत नवे दुखणे असेल तर ते न्याहाळत बसू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर (तीन आठवड्यांनंतर)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. हाताचा प्रयोग मी रोज करते आहे. पहिले चार दिवस फक्त खांदा दुखला. पाचव्या दिवशी हात खाली आल्यावर दंडापासून मनगटापर्यंत कोमट पाणी उतरावे तसे काहीतरी सरकले, आणि मी डावा हात उचलायचेच विसरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. शवासन अजून बरेचसे कोरेच आहे. परंतु काल काम करता करता बरगड्यांच्या खाली, मध्यभागी, एक पोकळ ओढ जाणवली. ती काय आहे हे क्षणभर कळले नाही. मग लक्षात आले की ही भूक आहे, आणि डोके अजून दुखू लागलेले नाही.