'मीनव्हाइल म्हणजे दरम्यान' एवढे शिकवून भागते का?

रावेर तालुक्यातील इंग्रजीची शिक्षिका

नववीच्या वह्यांत एकच चूक इतक्यांदा सापडली की हा विषय मांडणे भाग पडले. भरीत पार्टीवरील निबंधात एका मुलीने लिहिले होते, 'मीनव्हाइल मदर वॉज मेकिंग पुरीज, फादर रोस्टेड ब्रिंजल्स.' वडील शेतात काड्यांच्या जाळावर वांगी भाजत आहेत आणि त्याच वेळी आई कळण्याच्या पुऱ्या करते आहे, हे चित्र तिच्या मनात स्वच्छ होते. परंतु दोन उपवाक्ये जोडण्याचे काम 'व्हाइल' करते, 'मीनव्हाइल' करत नाही, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. माझे मत असे आहे की तोवर, तेवढ्यात, एकीकडे हे आपले शब्द आधी फळ्यावर वेगवेगळे करून दाखवावेत. 'ट्रक यायला वेळ होता, तोवर आम्ही केळीचे घड मोजले' येथे 'इन द मीनटाइम' चपखल बसते, कारण मधला काळ वाट पाहण्याचा आहे. 'घड मोजत होतो, तेवढ्यात ट्रक आला' येथे मात्र 'जस्ट देन' हवे. एकट्या 'दरम्यान'मधून मुलांना हा फरक कळणार नाही.

धुळ्याचे निवृत्त शिक्षक

ताई, तुमची तळमळ समजते, पण उपाय मला पटत नाही. मराठीच्या आधाराने लिहिणारी मुलेच 'व्हाइल रोस्टिंग द ब्रिंजल्स, द रेन स्टार्टेड' असे लिहितात. 'वांगी भाजताना पाऊस आला' हे मराठीत निर्दोष आहे. इंग्रजी वाक्याचा अर्थ मात्र पाऊसच वांगी भाजत होता असा निघतो, कारण तेथे 'व्हाइल'नंतरच्या क्रियेचा कर्ता मुख्य वाक्याच्या कर्त्याहून वेगळा असेल, तर तो सांगावाच लागतो: 'व्हाइल वुई वेअर रोस्टिंग'. म्हणून इंग्रजी वाक्येच पुष्कळ वाचून घ्यावीत आणि 'मीनव्हाइल'च्या आधी स्वल्पविराम पुरत नाही, पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो, एवढे पक्के करावे. त्यासाठी मराठीचा फेरा कशाला?

जळगावचा भाषांतरकार

'दरम्यान'ला इतके दोषी धरू नये. तो फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी 'मध्ये' हाच अर्थ आहे. 'मीनव्हाइल'मधील 'मीन' म्हणजे मधला आणि 'व्हाइल' म्हणजे काळ. बातमीत नवा परिच्छेद 'दरम्यान,' असा सुरू होतो, तेथे दोन्ही शब्द तंतोतंत जुळतात. घोटाळा होतो तो आपण 'सामन्यादरम्यान' असेही म्हणतो म्हणून. मग मुले 'मीनव्हाइल द मॅच' लिहितात, जेथे 'ड्युरिंग' हवे, कारण पुढे वाक्य नसून नाम आहे. 'दरम्यान' जरूर शिकवावा, मात्र त्याची ही दोन कामे वेगळी करून.

रावेर तालुक्यातील इंग्रजीची शिक्षिका

सर, पावसाचे तुमचे उदाहरण माझ्याच बाजूने बोलते असे मला वाटते. आपल्या 'भाजताना'ला वेगळा कर्ता चालतो आणि तो न सांगताही कळतो, हे मराठीतच दाखवल्याशिवाय त्या मुलाला आपले काय चुकले हे उमगणार कसे? आमच्याकडची बरीच मुले घरी लेवा गणबोली बोलतात आणि शाळेत प्रमाण मराठी लिहितात. एका भाषेतून दुसरीत जाताना वाक्य बदलावे लागते, हा अनुभव त्यांना रोजचाच आहे. त्याचा उपयोग का करून घेऊ नये? विरामचिन्हांविषयीचे तुमचे म्हणणे मात्र मी पूर्णपणे स्वीकारते. तो भाग मी सत्राच्या शेवटी घेत असे. यंदा 'मीनव्हाइल' फळ्यावर लिहीन, त्याच तासाला त्याच्याआधीचा पूर्णविरामही शिकवीन.

धुळ्याचे निवृत्त शिक्षक

'ॲट द सेम टाइम' तेवढे घाईने शिकवू नका. त्याचा अर्थ 'त्याच वेळी' असा होतो, तसाच 'तरीही' असाही होतो, आणि हा दुसरा अर्थ मुलांना वाचनातूनच सापडेल, या मतावर मी अजून ठाम आहे.