न मागता मिळालेलं : तुमचाही एखादा अनुभव लिहा

मांडवीकाठ
परवा चोडणला मावशीकडे गेले होते. रायबंदरहून नव्या रो-रो फेरीबोटीत चढले आणि पाऊस कोसळायला लागला. पुढे एक बाई डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन उभी होती. ती खोळ बघितली आणि मी थेट बेतीच्या धक्क्यावर जाऊन पोचले.

५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल पडला, त्यानंतरचे दिवस. पर्वरी-म्हापशाकडची सगळी माणसं फेरीवर. ज्यांनी ती गर्दी पाहिली त्यांना सांगायला नको. मी कॉलेजात होते आणि स्कॉलरशिपचे कागद पणजीच्या एका ऑफिसात देण्याचा तो शेवटचा दिवस. वाऱ्याने छत्री उलटी झाली, काडी मोडली. कागद पुठ्ठ्याच्या फायलीत, फाईल ओढणीखाली, आणि ओढणीतून पाणी गळतंय. मी रडायच्या बेतात.

शेजारी एक नुस्तेकान्न (मासेवाली) पाटी घेऊन उभी होती. म्हणाली, "बाये, हांगा दी तें. भिजतलें." स्वतःच्या डोक्यावरची खोळ काढली, फाईल तिच्यात गुंडाळली, वरून सुंभ बांधला आणि पोटाशी धरून उभी राहिली. पणजीला उतरेपर्यंत बाई नखशिखांत भिजलेली, कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं. माझा एकही कागद भिजला नाही. ऑफिसातल्या क्लार्कने मात्र दाखला नाकाजवळ नेऊन विचारलं, "बाजारातून आलीस?" बांगड्याचा वास होता! स्कॉलरशिप मिळाली.

असं काही तुमच्याकडे असेल तर लिहा. छोटं असलं तरी चालेल, छोटंच जास्त बरं.

बाबल_फोंडा
बांगड्याचा वास असलेला दाखला हाहाहा. फ्रेम करून लावायला हवा होता ताई

जुना_पणजीकर
पूल पडला तो दिवस शनिवार होता. नवा पूल १९९२ मध्ये झाला, म्हणजे सहा वर्षं आम्ही फेरीवर काढली. माझं लग्नही त्याच काळातलं. वऱ्हाड अलीकडे, नवरा पलीकडे. भटजी चुकीच्या फेरीत चढले होते.

अबोली
@जुना_पणजीकर मग मुहूर्त?? अर्धंच सांगून जाऊ नका

जुना_पणजीकर
मुहूर्त टळला. संसार टिकला.

रेल्वेवेडा_मडगाव
माझा अनुभव पायलटचा. (बाहेरच्यांसाठी : विमानाचा नव्हे, मोटरसायकल टॅक्सीचा. पुढचं मडगार्ड पिवळं असतं ती.) आईला घेऊन मुंबईहून येत होतो, गाडी उशिरा, मडगाव स्टेशनवर रात्रीचा दीड. आईला गाडीतच घाम फुटलेला, छातीत दुखत होतं. टॅक्सी एक नाही. एक पायलट तेवढा बाईकवर मान टाकून झोपलेला. तो उठला, आईकडे बघितलं आणि मला म्हणाला तू मागे बस, आवयला मध्ये घे, घट्ट धर. तिघं! हेल्मेट काढून आईच्या डोक्यावर घातलं. रस्त्यातला एकेक खड्डा त्याला पाठ होता, कुठे हळू घ्यायचं ते बरोबर कळायचं त्याला. हॉस्पिटलच्या दारात मी पाकीट काढलं तर म्हणाला, "उपरांत पळोवया, पयलीं आवयक व्हर."

मी वर गेलो तो पहाटे पाचला खाली आलो. हा तिथेच, बाकावर. "कशी आसा?" विचारलं, मी बरी आहे म्हटल्यावर किक मारली आणि गेला. भाडं राहिलं ते राहिलंच. नंतर दोनदा स्टँडवर शोधलं, पण त्या रात्री अंधार, माझं लक्ष आईकडे. चेहराच आठवत नाही. पिवळी मडगार्डं मात्र वीस दिसतात.

नीज_गोंयकार
कुठली गाडी? मांडवी एक्स्प्रेस असेल तर उशीर ठरलेलाच. पण खाणं तिच्यासारखं दुसरीकडे नाही

रेल्वेवेडा_मडगाव
मांडवीच. कटलेट खाऊन आईला आधी ॲसिडिटीच वाटली होती. हसू नका, म्हणूनच उशीर केला आम्ही.

अबोली
आई आता कशा आहेत?

रेल्वेवेडा_मडगाव
ठणठणीत. ८१. अजून कटलेट मागते.

पाटो_वरची
वाचतेय सगळं. गॅसवर सोलकढी नाही, हुमण (माशाची आमटी) आहे, म्हणून उठते. रात्री लिहिते माझा.

सत्तरीकर
आमच्याकडे २३ जुलै २०२१ चा पूर. जुनी माणसं १९८२ च्या पुराचं सांगायची तेव्हा आम्ही पोरं हसायचो. म्हादई रातोरात अंगणात आली. आमचं घर मातीच्या भिंतींचं, मागची भिंत बसली ती आवाज न करता, नुसती खाली बसली. आम्ही शेजाऱ्यांच्या माळ्यावर.

पाणी ओसरल्यावर मदत आली, नाही म्हणणार नाही. तांदूळ, कांबळी, साबण, चादरी. चादरी इतक्या की वाळत घालायला जागा नाही. मग एक दिवस सासष्टीहून दोन मुलगे पिकअप घेऊन आले. त्यातल्या एकाने आईला विचारलं, "आंटी, तुम्हाला काय पायजे?" तोपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं, जो तो देऊन जात होता. आई म्हणाली, विळी. नारळ खोवायची. तिच्या लग्नातली होती, चिखलात गेली. मला लाज वाटली, घराला भिंत नाही आणि ही विळी मागतेय. पण घरात नारळ होते, तांदूळ होते, आणि खोबरं नाही तर आमच्याकडे आमटी कशाची करायची?

तिसऱ्या दिवशी तो एकटा स्कूटरवरून परत आला. फळी फणसाच्या लाकडाची, पात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. म्हणाला, मला यातलं कळत नाही, ममाला घेऊन बाजारात गेलो, तिने धार बघून निवडली. आईने तिथेच एक नारळ फोडून खोवून बघितला. मग रडली. पुरात रडली नव्हती.

स्पष्टवक्ता
सगळं छान. पण आमच्या भागात त्याच पुरात एक साहेब पाच किलो तांदळाची पिशवी देताना तीनदा फोटो काढून घेत होते, पहिल्या दोन फोटोंत म्हाताऱ्याने डोळे मिटले म्हणून. तेही लिहा कोणीतरी.

मांडवीकाठ
लिहिलंत की तुम्ही! त्यासाठी वेगळा धागा काढा, पहिली प्रतिक्रिया माझी.

दोडामार्ग_एक्स्प्रेस
मी सिंधुदुर्गातला, पण आमचं मोठं आजारपण म्हणजे बांबोळीचं सरकारी हॉस्पिटलच, म्हणून गोव्यात धरा. बाबा वॉर्डात तेवीस दिवस होते. मी बाहेर व्हरांड्यात चटईवर. पहिल्या रात्री मला काहीच माहीत नाही, कँटीन कुठे, आंघोळ कुठे. शेजारी केप्याकडची एक बाई होती, नवरा आत. तिने सगळं शिकवलं, नळाला पाणी कधी येतं इथपर्यंत. तिच्याकडे लाल फ्लास्क होता. रोज संध्याकाळी भाचा पेज आणून द्यायचा, ती अर्धी मला ओतायची, वर आंब्याच्या लोणच्याची फोड. मी नको म्हटलं तर न ऐकल्यासारखं करायची.

सोळाव्या दिवशी पहाटे तिचा नवरा गेला. मला काय बोलावं सुचेना, मी नुसता तिची पिशवी धरून उभा. जाताना तिने फ्लास्क माझ्या चटईवर ठेवला. म्हणाली, "आमकां आतां कित्याक? तुका लागतलो."

बाबा बरे होऊन घरी आले. फ्लास्क घरात आहे. खरं तर निघताना शेजारच्या चटईवर ठेवून यायला हवा होता. नाही ठेवला, घेऊन आलो. का ते सांगता येत नाही.

अबोली
...

बाबल_फोंडा
दादा आता काय लिहायचं आम्ही

पोदेराची_वाट
माझा फारच छोटा आहे, वरच्यापुढे लिहू की नको असं झालं.

आमच्या वाड्यावर पोदेर (पाववाला) पहाटे सहाला येतो, सायकलचा भोंगा पों पों. लहानपणापासून तोच गजर. वडील शेवटचे घरी होते, रात्रभर जागे, पहाटे कुठे डोळा लागायचा. त्या दिवसांत कोणालाच पोयीची, म्हणजे पावाची, आठवण नव्हती. पण रोज दाराच्या कडीला पिशवी लटकलेली असायची, चार पोयी, गरम. आम्हाला वाटायचं शेजारची ठेवते, तिला वाटायचं आम्ही सांगून ठेवलंय. वडील गेले, बारावं-तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी पहाटे दारात पों पों! मी दचकून उठले तेव्हा लक्षात आलं, इतके दिवस भोंगा वाजलाच नव्हता. वडाच्या पारापासून आमचं घर ओलांडेपर्यंत तो सायकल हातात धरून चालत न्यायचा, हे नंतर समोरच्या काकींनी सांगितलं. पैसे विचारले तर हिशोबाची वही काढली. पोयीचे बरोब्बर लावले होते, एक रुपया सोडला नाही!

नीज_गोंयकार
शेवटचं वाक्य एकदम पोदेर

खंत
मी उलटं लिहितो. गेल्या पावसात झुवारीच्या पुलाअलीकडे एक बाई पंक्चर स्कूटरशेजारी उभी होती, मागे लहान मूल रेनकोटात. मी गाडीत, एसी, ऑफिसला उशीर. आरशात बघत बघत पुढे गेलो. नंतर वेर्ण्याहून वळून परत आलो तर नव्हती. एवढंच.

मांडवीकाठ
@खंत परत वळलात ना. माझ्यासारख्या तर वळतही नाहीत कधी कधी.

माटोळी
आमच्या चतुर्थीचं तोरंजन (पपनस) दरवर्षी शेजारच्या ख्रिस्ती अंकलच्या झाडाचं. ते स्वतः काठी लावून काढायचे, खाली पडलेलं माटोळीला (गणपतीच्या वर फळं टांगतात ती) चालत नाही हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. अंकल गेले. आता त्यांचा मुलगा गल्फहून फोन करतो, "तोरंजन काढलं? शिडी मागच्या खोलीत आहे, पडू नका."

अबोली
@मांडवीकाठ ताई त्या नुस्तेकान्नीचं नाव काय होतं?

मांडवीकाठ
विचारलंच नाही गं. फायलीची खोळ परत दिली आणि पळाले. पाच वाजायला आले होते.

पाटो_वरची
हुमण झालं. @सत्तरीकर तुमची विळी वाचून विचारते, आमच्या विळीचं पात हलतंय. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चांगली मिळते का?

सत्तरीकर
मिळते. आईला विचारलं, म्हणते नखाने दाते तपासून घ्या, आणि फळीवर बसून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.