बागेच्या गेटला कुलूप

ए-२०३: आत्ता बागेवरून आले. गेटला कुलूप आणि आत जेसीबी उभा! प्लॉटच्या मालकांनी बाग हलवायला जूनअखेरपर्यंत मुदत दिली होती ना? अजून मे संपला नाही. कमिटीत कुणाला आधी कळलं होतं का?

अध्यक्ष: ताई, दुपारी त्यांचा फोन आला होता. कंपाउंडचा पाया घ्यायचाय म्हणाले. कुलूप उद्या सकाळी उघडून देतील. ७ जूनपर्यंत काय ते हलवा म्हणाले.

ए-२०३: दुपारचा फोन आणि ग्रुपवर एक ओळ नाही?

अध्यक्ष: घरात लग्न आहे ताई. जरा समजून घ्या.

बी-१०४: बागेला आपली टेरेस रिकामी आहे. पहिल्यापासून सांगतोय.

डी-५०१: काका, टेरेसखाली आम्ही राहतो. गेल्या पावसाळ्यात बेडरूममध्ये बादल्या लावल्या होत्या. वॉटरप्रूफिंगचं काय झालं ते आधी सांगा.

खजिनदार: तो विषय एजीएममध्ये, वार्षिक सभेत झालाय. इथे नको.

डी-५०१: झाला म्हणजे पुढच्या एजीएमवर ढकलला.

सी-३०२: टेरेसचं मी स्पष्टच सांगतो. ओली माती घनमीटरला १६०० ते १८०० किलो भरते. एक फुटाचा थर म्हणजे चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास. वावर असलेल्या गच्चीला साधारण १५० किलो धरून डिझाइन करतात. कुंड्या ठेवा, वाफे नकोत.

बी-१०४: मग कुंड्या. टेरेसवर.

बी-२०१: आधी बागेतली वांगी कोण नेतं ते शोधा, मग जागा शोधा.

ए-१०१: मी नेली होती. दोन. काकूंना विचारून. दर वेळी हे काढायचं कारण?

बी-२०१: अहो वहिनी, गंमत केली.

सी-४०४: नासर्डी नदीकाठची पट्टी बघा ना. ब्लू लाइनच्या, म्हणजे पूररेषेच्या आत आहे, तिथे बांधकाम होत नाही. बागेला अडचण नसावी.

डी-२०२: नासर्डी नाही, नंदिनी म्हणा. नदीचं नाव बदललंय.

सी-४०४: नंदिनी म्हटल्याने वास जातो का?

सी-३०२: बांधकाम होत नाही ते पुरामुळेच. २००८ विसरलात, २०१६ विसरलात? गोदावरी चढली की या पाण्याला पुढे वाट राहत नाही, फुगवटा मागे येतो. वर सांडपाणी. त्या पाण्यावरची मेथी-पालक मी घरात घेणार नाही.

बी-१०४: टेरेसवर पूर येत नाही.

ए-२०३: काका, तुमचं म्हणणं पोचलं. सगळ्यांनी दोन मिनिटं हे वाचा.
पाच वर्षं आपण घरचा ओला कचरा घंटागाडीला न देता त्या मातीत जिरवला. आधी तिथे नुसता मुरूम होता, कुदळ आपटली की हाताला झिणझिण्या यायच्या. आता मूठभर उचलली तर गांडुळं निघतात. जागा मालकांची होती, त्यांनी मागितली, त्यांना दोष देत नाही. पण आपल्याकडे एका ओळीचा कागद नव्हता. शब्दावर पाच वर्षं निघाली आणि फोनवर संपली. या वेळी जिथे जाऊ तिथे लेखी घेऊ, निदान तीन वर्षांचं. तोंडी असेल तर मी एक रोपही लावणार नाही.
माझ्या मते जागा आपल्याकडेच आहे. मंदिरामागची मोकळी जागा.

डी-२०२: तिथे मुलं क्रिकेट खेळतात!

ए-२०३: सगळी नको. भिंतीकडेची दहा फुटांची पट्टी. तिथे आत्ता राडारोडाच पडलाय.

अध्यक्ष: ती जागा महापालिकेची असेल तर? २०२७ च्या सिंहस्थाच्या धावपळीत आपला अर्ज कोण बघणार?

सी-३०२: आधी नगररचना विभागातून मंजूर लेआउटची नक्कल काढू. सातबारावर नाव कुणाचं ते बघू. आपलं असेल तर सभेत ठराव, महापालिकेचं असेल तर उद्यान विभागाला अर्ज, पोच घेऊन. सोमवारी मी जातो, पण सोबत कमिटीचा माणूस हवा.

अध्यक्ष: लग्न बुधवारी आहे. सेक्रेटरींना पाठवतो.

सी-४०४: कागद येईपर्यंत झाडांचं काय?

ए-२०३: शेवगा उपटला तर मरेल. मनगटाएवढ्या फांद्या तीन-चार फुटांवर छाटून घेऊ, त्या लावल्या की फुटतात. कढीपत्त्याचे फुटवे मुळासकट काढू. हळदीचे कंद अजून लावलेले नाहीत, ते बरंच झालं. आणि वरची वीतभर माती गोणीत. ती मी तिथे सोडणार नाही.

ए-१०१: माझ्या पार्किंगमध्ये गोण्या ठेवा. आमची गाडी महिनाभर गावालाच आहे.

बी-२०१: वहिनी, मी येतो भरायला. मघाचं मनावर घेऊ नका.

ए-१०१: साडेसहाला या. उशीर करू नका.

डी-२०२: पिचला हात लावणार नाही हे लेखी द्या. सगळ्यांनाच कागद हवाय ना?

ए-२०३: देते. सही करून देते. दादा, मुलांना पाठवाल का? आठ-दहा हात लागतील.

डी-२०२: पाठवतो. दहावीवाले दोघं क्लासला जातील, बाकीचे येतील.

बी-१०४: माझ्याकडे दोन घमेली आणि एक खोरं आहे. टेरेसवर ठेवलंय. सकाळी कुणीतरी वर येऊन घ्या, मला गुडघ्यामुळे जिना होत नाही.

डी-५०१: मी उतरवते काका.